तिला कुणी विचारलं का?

मार्व्हल कंपनीच्या 'अ‍ॅव्हेंजर्स' या अमेरिकन कॉमिक मालिकेच्या दोनशेव्या अंकावर ऑक्टोबर १९८० अशी तारीख आहे. अंक विशेष, पानं नेहमीपेक्षा जास्त, थाट वर्धापनदिनाचा. आत कॅरोल डॅन्व्हर्स, म्हणजेच मिस मार्व्हल, बाळंत होते. थोड्याच दिवसांपूर्वी ती गरोदरही नव्हती. बाप कोण, हे तिला ठाऊक नाही. तिच्या संघातली वास्प आनंदाने अभिनंदन करायला येते, बीस्ट बाळाच्या खेळण्यांच्या गप्पा मारतो. कॅरोल चिडून सांगते की हे माझ्या इच्छेने झालेलं नाही, मला वापरून घेतलंय. हे तिचं बोलणं छापील अंकात आहे. तेवढं बोलायची मुभा तिला मिळते आणि मग कथा तिच्याकडे पाठ फिरवते.

बाळ बघता बघता वाढून तरणाबांड पुरुष होतं. त्याचं नाव मार्कस. आपण काळाच्या पलीकडच्या 'लिंबो' नावाच्या प्रदेशात अडकलो होतो, सुटायचं तर पृथ्वीवर जन्म घेणं भाग होतं, असं तो सांगतो. म्हणून त्याने कॅरोलला तिकडे ओढून नेलं, तिचं मन वळवायचा घाट घातला, वर बापाच्या यंत्रांचाही थोडा हातभार घेतला. मग तिच्या पोटी स्वतःचाच गर्भ ठेवून, आठवणी पुसून तिला परत पाठवलं. हे सगळं तो न लाजता, न अडखळता सांगतो. ऐकणाऱ्यांत थॉर आहे, आयर्न मॅन आहे, हॉकआय आहे. एकाचाही हात उगारला जात नाही. उलट मार्कसचं यंत्र आपण मोडलं याचीच हॉकआयला चुटपुट लागते. अखेर कॅरोल म्हणते, मी याच्याबरोबर जाते. थॉर वाट उघडून देतो आणि मंडळी मुलीची पाठवणी करावी तसा तिला निरोप देतात. ती सुखात राहो, एवढ्या शुभेच्छेवर अंक संपतो.

या अंकाच्या श्रेयनामावलीत कथालेखनासाठी चार पुरुषांची नावं आहेत: जिम शूटर, जॉर्ज पेरेझ, बॉब लेटन आणि डेव्हिड मिशेलिनी. चौघेही आपापल्या कामात वाकबगार. पेरेझच्या रेषेवर तर चाहते आजही जीव टाकतात. त्यामुळे हा अंक अडाण्यांनी काढला, असं म्हणून सुटता येत नाही.

*

कॅरोल डॅन्व्हर्स पहिल्यांदा दिसली १९६८ साली, 'मार्व्हल सुपर-हीरोज'च्या तेराव्या अंकात. रॉय थॉमस आणि जीन कोलन यांनी उभी केलेली ही बाई एका क्षेपणास्त्र तळाची सुरक्षाप्रमुख होती. पात्र मात्र दुय्यम. कथा कॅप्टन मार्व्हल नावाच्या परग्रहावरच्या वीराची. पुढे एका स्फोटात ती सापडते आणि त्या वीराच्या शक्ती तिच्यात उतरतात. जानेवारी १९७७ची तारीख घेऊन तिची स्वतःची मालिका आली. या कॅरोलला नोकरी होती 'वुमन' नावाच्या मासिकाच्या संपादकाची. तिचा मालक, स्पायडरमॅनच्या कथांमधला तो खेकसणारा जे. जोना जेमसन. पहिल्याच अंकात ती त्याच्याशी पगारावरून घासाघीस करते.

ही मालिका सुरू करणारा लेखक गेरी कॉनवे. चाहत्यांना त्याचं नाव आणखी एका गोष्टीमुळे पाठ आहे. १९७३ साली 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१व्या अंकात पीटर पार्करची प्रेयसी ग्वेन स्टेसी मारली गेली, ती त्याच्याच लेखणीतून. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. ग्वेनच्या मरणावर वाचक इतके खवळले की कॉलेजांतल्या व्याख्यानांत स्टॅन लीला त्याबद्दल जाब विचारला जाऊ लागला. तेव्हा मी गावात नव्हतो, असं सांगून तो हात झटकायचा. त्याच कॉनवेने चार वर्षांनी मिस मार्व्हल लिहायला घेतली, तेव्हा पत्नी कार्लाच्या मदतीचा उल्लेख श्रेयनामावलीत केला आणि ही मालिका एक पुरुष का लिहितोय याचा खुलासाही वाचकांसमोर ठेवला. खुलासा द्यावासा वाटला, याचा अर्थ प्रश्न त्यालाही टोचत होता.

तिसऱ्या अंकापासून ख्रिस क्लेअरमाँटने मालिका हाती घेतली. इकडे पत्रसदरात वाचकांची उलटतपासणी सुरू झाली. एका पत्रातला मुद्दा असा: लांब बाह्या, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट आणि गळ्यात स्कार्फ असा थंडीचा बंदोबस्त केलेली ही बाई पोट, पाठ आणि मांड्या मात्र उघड्या का ठेवते? पोशाख आधी थोडा झाकला गेला, मग विसाव्या अंकात डेव्ह कॉक्रमने तो मुळापासून बदलला: काळा, छातीवर विजेची रेघ. नवा पोशाख आला आणि तेविसाव्या अंकावर, १९७९ साली, मालिकाच बंद पडली. पुढच्या अंकांच्या कथा १९९२पर्यंत अप्रकाशित राहिल्या. स्वतःचं घर गेलेली कॅरोल 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये बिऱ्हाडकरू म्हणून उरली. पुढच्याच वर्षी मार्कसने दार ठोठावलं.

*

दोनशेवा अंक वाचून कॅरोल स्ट्रिकलंड या चाहतीने एका फॅनझीनमध्ये लेख लिहिला. फॅनझीन म्हणजे चाहत्यांनीच पदरमोड करून काढलेलं छोटं नियतकालिक. लेखाचं शीर्षक होतं 'मिस मार्व्हलवरील बलात्कार'. कंपनीने ज्याला प्रेमकथा म्हणून विकलं, त्याला तिने त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. यंत्रांच्या मदतीने मिळवलेल्या होकाराला होकार म्हणत नाहीत, हा तिचा साधा मुद्दा. आणि ज्यांना आपण वीर म्हणतो त्यांनी तो गुन्हा हसतमुखाने पाठीशी घातला, हा त्याहून जिव्हारी लागणारा दुसरा.

अमेरिकन कॉमिकच्या धंद्यात पात्राचा मालक लेखक नसतो, कंपनी असते. लेखक येतात, जातात. संपादक कथा मंजूर करतो, नामंजूर करतो. आणि अंक ठरल्या तारखेला दुकानात लागावाच लागतो. दोनशेव्या अंकाचीही आतली कथा अशीच आहे. कॅरोलच्या गर्भाचा बाप म्हणून आधी वेगळीच योजना होती, ती क्री या परग्रहवासी जमातीच्या सर्वोच्च बुद्धिमत्तेशी जोडलेली. पण तशाच धर्तीची गोष्ट कंपनीच्या दुसऱ्या मालिकेत येऊन गेल्याचं लक्षात आलं आणि ऐनवेळी मार्कस उभा करावा लागला. कथेला बाळ हवं होतं, बाळाला बाप हवा होता, वर्धापनदिनाला धक्का हवा होता. या सगळ्या गरजा भागवताना आईला काय वाटेल, हा विचार कुणाच्याच वाट्याला आला नाही. तेव्हाचा मुख्य संपादक जिम शूटर याने खूप वर्षांनी हा अंक लाजिरवाणा असल्याचं मान्य करून जबाबदारी स्वतःकडे घेतली.

उत्तर मात्र आधीच येऊन गेलं होतं, तेही कंपनीच्याच कागदावर. १९८१च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या दहाव्या वार्षिकांकात क्लेअरमाँट आणि चित्रकार मायकल गोल्डन यांनी कॅरोलला परत आणलं. या अंकात 'रोग' नावाची नवी खलनायिका तिच्या शक्ती आणि आठवणी शोषून घेते, तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून फेकते आणि स्पायडर-वुमन तिला झेलते. चाहते तो अंक जपून ठेवतात तो मात्र शेवटच्या पानांसाठी. अ‍ॅव्हेंजर्स तिला भेटायला येतात, मार्कसचा विषय निघतो आणि कॅरोल त्यांना समोर बसवून सुनावते. त्याने सांगितलं आणि तुम्ही विश्वास ठेवलात. मला गरज होती तेव्हा तुम्ही मला त्याच्या हवाली केलंत. सुपरहीरोंच्या जमावाला मान खाली घालून ऐकून घ्यावं लागतं.

स्ट्रिकलंडचा लेख आणि ही पानं शेजारी ठेवून वाचली की वाद एकच असल्याचं दिसतं. एक वाचकाने बाहेरून घातलेला, दुसरा लेखकाने आतून. आधीच्या कथेचा अर्थ मागाहून बदलायचा, याला चाहते 'रेटकॉन' म्हणतात. बहुतेक रेटकॉन सोयीसाठी होतात. हा न्यायासाठी झाला होता.

*

सुपरहीरोंच्या जगात दुःख कुणाला चुकलेलं नाही. बॅटमॅनचे आईबाप डोळ्यांदेखत मारले जातात. सुपरमॅन १९९२ साली मेला, कॅप्टन अमेरिका २००७ साली. मग कॅरोलच्या छळाचंच एवढं काय, असा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असं की सुपरमॅन स्वतःच्या मालिकेत मेला. मरताना तो लढत होता, त्याच्यामागे जग रडलं आणि तो परत येईपर्यंत कित्येक महिने कथा त्याच्याच अनुपस्थितीभोवती फिरत राहिली. नायकाला दुःख दिलं की ते त्याच्या खात्यावर जमा होतं. नायिकेला दिलं की ते बऱ्याचदा दुसऱ्याच्या खात्यावर जातं.

हे १९९९ साली गेल सिमोनने यादी करून दाखवलं. तेव्हा ती केशरचनेचा व्यवसाय करणारी आणि कॉमिकवर प्रेम करणारी एक वाचक होती. 'ग्रीन लँटर्न'च्या १९९४मधल्या ५४व्या अंकात नायक घरी येतो आणि प्रेयसी अलेक्झांड्रा डेविटचं प्रेत त्याला फ्रिजमध्ये सापडतं. त्यावरून सिमोनने यादीला नाव दिलं आणि मारल्या गेलेल्या, लुळ्या केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या, भ्रष्ट केलेल्या स्त्रीपात्रांची नावं एकाखाली एक मांडली. त्यात कॅरोल डॅन्व्हर्स होतीच. 'फ्रिजमध्ये घालणं' हा तेव्हापासून चाहत्यांच्या बोलीतला रुळलेला शब्दप्रयोग. पुढे सिमोन स्वतः लेखिका झाली, 'बर्ड्स ऑफ प्रे' आणि 'वंडर वुमन' लिहू लागली.

वंडर वुमनचा किस्सा तर त्याहून जुना. १९६८ साली डीसी कंपनीने तिच्या शक्ती काढून घेतल्या, तिला साध्या कपड्यांत आणलं, कपड्यांचं दुकान थाटून दिलं. लेखक डेनी ओनील याला त्यात आधुनिकता दिसत होती. स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनेमला लहानपणची नायिका दुबळी केलेली दिसली. १९७२ साली तिने आपल्या 'मिज' मासिकाच्या मुखपृष्ठावर जुन्या पोशाखातली, जुन्या ताकदीची वंडर वुमन छापली. १९७३मध्ये शक्ती परत आल्या. ओनीलचा हेतू वाईट नव्हता, हे स्टायनेमच्या बाजूच्यांनीही मानावं. पण हेतू लेखकाचा असतो आणि परिणाम पात्राला भोगावा लागतो. ओनीलनेही पुढे चूक कबूल केली.

*

कॅरोलचं पुढचं आयुष्य चढउतारांचं. कधी अंतराळातली 'बायनरी', तर १९९८मध्ये कर्ट ब्युसिक आणि पेरेझ यांच्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये दारूच्या आहारी गेलेली 'वॉरबर्ड'. त्या कथेवर नाराज झालेले चाहते आहेत, पण तिची गणना दोनशेव्या अंकाशेजारी कुणी करत नाही. दारूच्या या कथेत पडते ती कॅरोल, खोटं बोलते ती कॅरोल आणि परिणाम भोगून उठते तीही कॅरोलच. घसरण तिची स्वतःची होती.

२०१२ साली केली स्यू डिकॉनिकने तिला 'कॅप्टन मार्व्हल' केलं. जेमी मॅककेल्व्हीने वैमानिकाच्या गणवेशासारखा अंगभर पोशाख आखला. सत्तरच्या दशकातल्या पत्रसदरातली ती हातमोज्यांची तक्रार पस्तीस वर्षांनी अशी पुरी झाली. डिकॉनिकची एक कसोटी प्रसिद्ध आहे: तुमच्या कथेतल्या बाईच्या जागी एक देखणा दिवा ठेवला आणि कथेचं काहीच अडलं नाही, तर पुन्हा लिहायला बसा. दोनशेव्या अंकाला ही कसोटी लावून बघावी. चाहत्यांनी स्वतःला 'कॅरोल कोअर' म्हणवून घेतलं, संमेलनांना तिच्या पोशाखात गेले, अंकांची आगाऊ मागणी नोंदवली. रागातून बांधलेली फौज प्रेमाच्याही कामी येते, हे तेव्हा दिसलं.

मिस मार्व्हल हे नाव रिकामं झालं होतं. फेब्रुवारी २०१४मध्ये ते घेतलं न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीच्या कमला खानने. वय सोळा, मुसलमान, आईवडील पाकिस्तानातून आलेले, खोलीत कॅरोलची चित्रं. म्हणजे ही नायिका मुळात चाहतीच. तिला घडवलं संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांनी. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला, पहिल्या संकलनाला २०१५चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसगाड्यांवर मुसलमानविरोधी जाहिराती लागल्या, तेव्हा कुणी अनामिकांनी त्यांवर कमलाची चित्रं डकवली. कंपनीच्या मालकीचं पात्र लोकांनी विचारल्यावाचून आपलं करून टाकलं होतं.

कमलाच्या वंशवेलीचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. विल्सनने लिहिलेल्या २०१६च्या एका अंकाची सुरुवात १९४७च्या मुंबईत होते. कमलाची गरोदर पणजी आयेशा आणि पणजोबा करीम फाळणीच्या धामधुमीत शहर सोडून कराचीकडे निघतात. हे कथानक विल्सनने घातलं ते नेमक्या त्या महिन्यांत, जेव्हा कंपनीच्या 'सिव्हिल वॉर २' या महाप्रसंगात, म्हणजे अनेक मालिकांतून पसरलेल्या कथेत, ब्रायन मायकल बेंडिसची कॅरोल भविष्यवाणीच्या आधारे गुन्ह्याआधीच लोकांची धरपकड करत होती. दोन वीर भिडवायचे तर एकाला चुकीचं ठरवावं लागतं; ती पाळी कॅरोलवर आली. इतकी वर्षं तिला सावरून धरणारे चाहते हताश झाले. विल्सनने मात्र त्याच लादलेल्या प्रसंगातून काहीतरी कमावलं. कमला कॅरोलच्या हुकमावर काम करत असताना तिचा जिवलग मित्र ब्रुनो जायबंदी होतो आणि ती आपल्या आदर्शापासून दूर होते. वरून आलेला आदेश एकच. एका मालिकेत पात्र त्याखाली दबलं, दुसऱ्या मालिकेत वाढलं.

*

मग ३१ मे २०२३ उजाडला. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या २६व्या अंकात कमला खान मारली गेली. लेखक झेब वेल्स, चित्रकार जॉन रोमिटा धाकटे. मासिक तेच, ज्यात बरोबर पन्नास वर्षांपूर्वी ग्वेन मेली होती. या मालिकेत कमला अधूनमधून डोकावणारी पाहुणी होती. मरताना ती स्वतःच्या रूपातही नव्हती: पीटरची जुनी प्रेयसी मेरी जेन हिला वाचवण्यासाठी तिने मेरी जेनचा चेहरा घेतला आणि शत्रूचा वार अंगावर झेलला. दुःख करायला पीटर पार्कर होता.

बातमी अंकाआधीच फुटली होती. चाहत्यांचा संताप नुसता मरणावर नव्हता. दुसऱ्याच्या पुस्तकात, दुसऱ्या बाईच्या चेहऱ्याने, दुसऱ्याच्या शोकासाठी ती मेली, हे त्यांच्या मनाला लागलं. शिवाय नोव्हेंबरमध्ये तिचा चित्रपट यायचा होता आणि २०२२च्या दूरचित्रमालिकेत तिला म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेली, ठरवण्यात आलं होतं. कॉमिकमधली कमला मात्र म्युटंट नव्हती. पडद्याशी मेळ घालायला तिला मारून नव्या ओळखीने उठवणार, हा अंदाज वाचकांनी लगेच बांधला. जुलैत श्रद्धांजलीचा खास अंक निघाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीला एक्स-मेनच्या अंकात कमला पुन्हा जिवंत झाली, म्युटंट म्हणून. दोन महिनेही झाले नव्हते. सुपरमॅनसाठी जग थांबलं होतं. हिच्यासाठी कुणी नीट रडायच्या आतच ती उठून बसली.

चाहत्यांचा सगळाच राग एका मापाचा नसतो, हेही नोंदवायला हवं. २०१९ साली 'कॅप्टन मार्व्हल' चित्रपट येण्याआधीच त्याच्यावर तुटून पडणारा एक जमाव होता. न पाहिलेल्या चित्रपटाबद्दलची नापसंती इतकी ओसंडली की 'रॉटन टोमॅटोज'ने प्रदर्शनपूर्व उत्सुकतेची टक्केवारी दाखवणंच बंद केलं. त्या जमावाला कॅरोल नकोच होती; मुख्य भूमिकेत बाई आली, हीच त्यांची तक्रार. चित्रपटाने जगभरात ११० कोटी डॉलरहून जास्त कमावले ते बाजूला ठेवू. स्ट्रिकलंड किंवा सिमोनचा राग यापासून वेगळा ओळखायला सोपा आहे. त्या मागत होत्या त्या गोष्टी नेमक्या होत्या आणि अंकांतून, पानांतून दाखवता येत होत्या. नायिका अजिंक्य असावी, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तिच्यावर जे येईल त्याला उत्तर देण्याची संधी तिलाच मिळावी, एवढंच.

ऑगस्ट २०२३मध्ये 'मिस मार्व्हल: द न्यू म्युटंट' ही छोटी मालिका सुरू झाली. सहलेखिका होती इमान वेलानी, पडद्यावर कमलाचं काम करणारी, कराचीत जन्मलेली, कॅनडात वाढलेली आणि कॉमिक वेड्यासारखी वाचणारी मुलगी. तिच्या जोडीला लेखक साबिर पिरझादा. या कथेत कमलाला आपल्या मरणाची वाईट स्वप्नं पडतात, नवी ओळख अंगावर घट्ट बसत नाही, आणि त्यावर ती स्वतः बोलते. पीटर पार्करच्या खात्यावर गेलेलं मरण निदान इथे तिच्या नावावर आलं.

कंपनीने वाचकांचं ऐकलं की चित्रपटाआधीचा हिशेब जुळवला? दोन्ही असावं. १९८०चं उत्तर यायला वर्ष गेलं आणि त्याला एक हट्टी लेखक लागला. २०२३चं उत्तर मेपासून ऑगस्टपर्यंत आलं. दुरुस्ती लवकर होऊ लागली आहे, मोडतोड थांबलेली नाही. महाप्रसंग ठरवणाऱ्या बैठकीत अजूनही आधी धक्का ठरतो आणि मग तो कुणाला द्यायचा ते शोधलं जातं. स्वतःची मालिका नसलेली नायिका तिथे सगळ्यांत स्वस्त पडते. म्हणून चाहत्यांनी नुसतं मरणानंतर रडू नये; तिची मालिका बंद पडते तेव्हाच ओरडावं. १९७९ साली मिस मार्व्हलचा तेविसावा अंक बाजारात आला, तेव्हाच धोका सुरू झाला होता.